कलमाची किंमत आणि नफ्याचा दर : भांडवलाच्या वादाविषयी एका विद्यार्थ्याला उत्तर

देवगड तालुक्यातून अर्थशास्त्रात एम. ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला तीन प्रश्न एकत्र लिहून पाठवले आहेत. भांडवलाची सीमांत उत्पादकता, म्हणजे भांडवलाचे आणखी एक एकक लावल्याने उत्पादनात पडणारी भर, नफ्याचा दर ठरवते असे एका पेपरात शिकवले जाते आणि केंब्रिज वादात (इंग्लंडच्या आणि अमेरिकेच्या केंब्रिजमधील अर्थशास्त्रज्ञांत १९५० आणि ६० च्या दशकांत भांडवलाच्या मापावरून झालेल्या वादात) हे विधान कोसळले असे दुसऱ्या पेपरात एका परिच्छेदात उरकले जाते; तर नेमके काय कोसळले, हा पहिला प्रश्न. कोसळले असेल तर इतक्या वर्षांनंतरही ते का शिकवले जाते, हा दुसरा. तिसरा प्रश्न घरचा आहे. वडील आणि काका यांच्यात हापूसच्या बागेची वाटणी चालू आहे, आणि त्याच कलमांची किंमत दोन जाणकारांनी इतकी वेगवेगळी काढली आहे की एकाच्या हिशेबाने वडिलांचा वाटा मोठा ठरतो, तर दुसऱ्याच्या हिशेबाने काकांचा. यांपैकी चूक कोणाची, असे तुम्ही विचारता, आणि या प्रश्नाचा पहिल्या दोघांशी काही संबंध आहे का अशी शंकाही जोडता.

संबंध आहे, आणि तो थेट आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एकतीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले आणि त्याआधी चार वर्षे एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात बागा आणि बोटी यांचे मूल्यांकन तपासण्याचे काम केले. केंब्रिज वाद मला पुस्तकातून कळला, परंतु तो पटला त्या चार वर्षांच्या अनुभवामुळे. म्हणून उत्तर तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

समजा बागेत दोन प्रकारची कलमे आहेत. जुने कलम आज पूर्ण धरते, खत, फवारणी, राखण आणि तोडणी यांचा खर्च वजा जाता वर्षाला ३,००० रुपये देते, आणि आणखी १५ वर्षे देईल. नवे कलम अजून लहान आहे. पहिली सहा वर्षे त्यातून हाती काही लागणार नाही, मात्र सातव्या वर्षापासून पुढे ४० वर्षे तेही वर्षाला ३,००० रुपये देईल. पुढे येणाऱ्या उत्पन्नाची आजची किंमत काढायची तर कोणता तरी दर धरावा लागतो. वार्षिक ६ टक्के दर धरला तर जुन्या कलमाची किंमत सुमारे २९,१०० रुपये येते आणि नव्याची सुमारे ३१,८०० रुपये. दर १२ टक्के धरला तर जुने सुमारे २०,४०० रुपयांचे ठरते आणि नवे अवघे १२,५०० रुपयांचे. झाड तेच, मोहोर तोच, आंब्याचा भावही तोच. एकाही फांदीला हात न लावता पहिल्या हिशेबात नव्या कलमांचा मालक श्रीमंत ठरला आणि दुसऱ्या हिशेबात जुन्या कलमांचा. तुमच्या दोन जाणकारांपैकी कोणाचीही चूक नसण्याची शक्यता मोठी आहे. त्यांनी बहुधा वेगवेगळे दर धरले आणि तो आकडा कागदावर लिहिला नाही.

आता एक पाऊल पुढे टाका. या दोन बागांपैकी कोणत्या बागेत अधिक भांडवल आहे, असा प्रश्न मी विचारला, तर व्याजाचा किंवा नफ्याचा दर माहीत झाल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि तुमचे पाठ्यपुस्तक सांगते की नफ्याचा दर कशावर अवलंबून असतो, तर भांडवल किती आहे यावर. भांडवल मुबलक झाले की त्याची सीमांत उत्पादकता घटते आणि दर उतरतो. म्हणजे दर कळण्यासाठी भांडवलाचे परिमाण हवे आणि परिमाण कळण्यासाठी दर हवा. केंब्रिज वादाचा गाभा एवढाच आहे.

हा पेच नवा नव्हता. इंग्लंडचा अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो याने १८२३ मध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, आपले सहकारी अर्थशास्त्रज्ञ मॅकलक यांना लिहिलेल्या पत्रात कबूल केले होते की तळघरात तीन-चार वर्षे ठेवलेल्या वाइनची आणि ओकच्या झाडाची अडचण आपल्याला ओलांडता येत नाही. ज्या झाडावर सुरुवातीला दोन शिलिंगांचीही मजुरी लागली नसेल, ते पुढे शंभर पौंडांचे कसे होते, हा त्याचा प्रश्न होता. वाइनचे तळघर आपल्याकडे नाही, परंतु आजोबांनी लावलेला साग नातवाने विकलेला कोकणात कोणी पाहिला नाही? मजुरीपेक्षा कितीतरी अधिक किंमत त्या झाडात वेळाने भरली, आणि वेळेची किंमत म्हणजे व्याजदर. ऑस्ट्रियाच्या बोम-बावर्क यांनी १८८९ मध्ये या वेळेलाच भांडवलाचे माप करण्याचा प्रयत्न केला. उत्पादनात श्रम सरासरी किती काळ आधी गुंतवले गेले, तो सरासरी काळ जितका लांब तितके भांडवल अधिक, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेत जे. बी. क्लार्क यांनी १८९९ मध्ये वेगळी वाट धरली. भांडवली वस्तू झिजतात, मोडतात आणि बदलतात, परंतु त्यांच्या आत भांडवल नावाचा एक टिकून राहणारा निधी असतो आणि त्या निधीला मिळणारा मोबदला म्हणजे त्याने उत्पादनात घातलेली भर, असे त्यांनी मांडले. क्लार्क यांचा हेतू उघड नैतिक होता. मजुराला त्याच्या श्रमाने निर्माण केलेले मिळते आणि भांडवलदाराला त्याच्या भांडवलाने निर्माण केलेले, तेव्हा वाटणी न्याय्य आहे, हे त्यांना दाखवायचे होते. तुमच्या पाठ्यपुस्तकातले विधान या घराण्यातले आहे, हे लक्षात ठेवा. ते केवळ आकडेमोडीचे साधन म्हणून जन्माला आलेले नाही.

इंग्लंडच्या केंब्रिजमधील जोन रॉबिन्सन यांनी १९५३-५४ मध्ये ‘रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज’मध्ये लेख लिहून हा प्रश्न सरळ टेबलावर ठेवला. त्यांची तक्रार शिक्षकांविरुद्ध होती, आणि शिक्षक या नात्याने ती मला दरवर्षी टोचत आली. विद्यार्थ्याला उत्पादन फलन (श्रम आणि भांडवल किती लावले तर उत्पादन किती, हे सांगणारे समीकरण) लिहायला शिकवतात, श्रम तासांत मोजायचे असतात हे सांगतात, आणि भांडवल कोणत्या एककात मोजायचे हे विचारण्याचे त्याने विसरावे अशा आशेने घाईघाईने पुढच्या प्रश्नाकडे नेतात. त्याने विचारण्याआधी तो स्वतःच प्राध्यापक झालेला असतो आणि ही सवय पुढच्या पिढीला देतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. याच रॉबिन्सनबाई तरुणपणी, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ग्वाल्हेरला राहिल्या होत्या. त्यांचे पती ऑस्टिन रॉबिन्सन शिंदे घराण्यातील अल्पवयीन महाराजांचे शिक्षक होते. हिंदुस्थानाशी त्यांचा संबंध पुढेही आयुष्यभर राहिला.

त्यांच्यामागे पिएरो स्राफा यांचे काम उभे होते. रिकार्डोच्या समग्र लेखनाचे संपादन करणाऱ्या या इटालियन विद्वानाने १९६० मध्ये शंभर पानांहून लहान असे पुस्तक प्रसिद्ध केले. वस्तूंच्या साहाय्याने वस्तूंचे उत्पादन होते एवढेच धरून त्यांनी दाखवले की उत्पादनाच्या पद्धती ठाऊक असल्या तरी किमती तेवढ्याने ठरत नाहीत. मजुरी आणि नफा यांपैकी एक बाहेरून द्यावा लागतो, मग दुसरा आणि सर्व किमती ठरतात. म्हणजे वाटणी आधी, किंमत नंतर.

दुसरे केंब्रिज म्हणजे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे, एम.आय.टी.चे. रॉबर्ट सोलो यांचे वाढीचे प्रतिमान १९५६ चे, आणि त्यात भांडवल हे एकजिनसी राशीसारखे वापरले आहे. १९५७ च्या लेखात त्यांनी अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळातील आकडे घेऊन दरताशी उत्पादनातील वाढीपैकी साडेसत्याऐंशी टक्के भाग तंत्रप्रगतीमुळे झाला असा निष्कर्ष काढला. पॉल सॅम्युएलसन यांनी १९६२ मध्ये दाखवण्याचा प्रयत्न केला की यंत्रे वेगवेगळी असली तरी अर्थव्यवस्था जणू एकाच प्रकारचे भांडवल वापरत असल्यासारखी वागते, म्हणून ही सोपी गोष्ट बोधकथा म्हणून चालावी. प्रत्येक तंत्रात भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण सर्व उद्योगांत सारखे आहे असे त्यांना त्यासाठी गृहीत धरावे लागले, आणि तसे धरले की सगळ्या वस्तू प्रत्यक्षात एकच वस्तू होऊन बसतात. अडचण सुटली नाही, गृहीतकात लपली. १९६५ मध्ये त्यांचे विद्यार्थी डेव्हिड लेव्हारी यांनी एक प्रमेय मांडले की संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या पातळीवर तंत्राचे पुनरागमन, म्हणजे व्याज चढताना सोडलेली पद्धत व्याज आणखी चढल्यावर परत येणे, होऊ शकत नाही. लुइजी पासिनेत्ती यांनी त्याच वर्षी रोमच्या परिषदेत ते चूक असल्याचे दाखवले.

तंत्राचे पुनरागमन हा शब्द पाठ करून परीक्षेत लिहिला जातो आणि तिथेच विद्यार्थी अडकतो, म्हणून इथे थोडे थांबतो. एक होडी दोन प्रकारे बांधता येते असे समजा. पहिल्या पद्धतीत होडी पाण्यात उतरण्याच्या दोन वर्षे आधी ७ माणसांचे काम एकदम होते. दुसऱ्या पद्धतीत तीन वर्षे आधी २ माणसे लाकूड तोडून, कापून मुरायला ठेवतात आणि शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला ६ माणसे होडी उभी करतात. होडी माझी आहे, परंतु आकडे सॅम्युएलसन यांच्या १९६६ च्या लेखातले आहेत. प्रत्येक माणसाची मजुरी एक एकक धरा आणि चक्रवाढ व्याज लावा. व्याज शून्य असताना पहिली पद्धत ७ ला पडते आणि दुसरी ८ ला, म्हणून पहिली स्वस्त. व्याज ५० टक्के असताना दोन्ही १५.७५ ला पडतात. ७५ टक्क्यांना पहिली सुमारे २१.४४ ला आणि दुसरी सुमारे २१.२२ ला, म्हणून दुसरी स्वस्त. १०० टक्क्यांना दोन्ही पुन्हा बरोबरीत, २८ ला. आणि १५० टक्क्यांना पहिली ४३.७५ ला, दुसरी ४६.२५ ला, जी पद्धत कमी व्याजाला स्वस्त होती, तीच अतिशय जास्त व्याजाला पुन्हा स्वस्त झाली. हे दर अवास्तव वाटू नयेत म्हणून सांगतो: एक कालखंड वर्षाऐवजी दहा वर्षांचा धरला तर ५० आणि १०० टक्के म्हणजे वर्षाला साधारण ४ आणि ७ टक्के.

वही घेऊन हे गणित स्वतः करा, कारण त्याचा धक्का वाचून बसत नाही, करून बसतो. जुना सिद्धांत म्हणत होता की व्याज चढले की उद्योजक कमी भांडवलाच्या, कमी वेळ घेणाऱ्या पद्धतीकडे वळतात आणि व्याज उतरले की उलटे होते. बोम-बावर्क यांच्या मापाने पहिल्या पद्धतीचा सरासरी काळ दोन वर्षे आहे आणि दुसरीचा दीड वर्षे. म्हणजे व्याज चढत असताना उद्योजक लांब काळाच्या पद्धतीवरून आखूड पद्धतीवर गेला, हे ठीक. परंतु व्याज आणखी चढल्यावर तो परत लांब पद्धतीकडे आला. भांडवलाची मागणी दर वाढला की घटते, असे सरळ उतरत्या रेषेचे चित्र काढण्याला आता आधार राहिला नाही. मागणीची रेषा नसेल तर ती पुरवठ्याला जिथे छेदते तिथे नफ्याचा दर ठरतो, हे वाक्यही राहत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच: ‘एकूण भांडवल’ ही दरापासून स्वतंत्र अशी राशी आहे आणि तिच्या दुर्मिळतेमुळे नफ्याचा दर ठरतो, हे विधान कोसळले.

१९६६ च्या नोव्हेंबरमध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये झालेल्या चर्चेत लेव्हारी आणि सॅम्युएलसन यांनी आपले प्रमेय चूक असल्याचे छापून मान्य केले. सॅम्युएलसन यांनी तर स्वतंत्र लेखात लिहिले की जुन्या बोधकथांवर प्रेम असलेल्यांना यामुळे डोकेदुखी होणार असेल तर होवो, विद्वानांचा जन्म सुखाने जगण्यासाठी नसतो. मला या माणसाच्या सिद्धांतापेक्षा त्या पानाबद्दल अधिक आदर आहे. इतक्या उंचीवरच्या अभ्यासकाने आपली हार इतक्या स्वच्छपणे नोंदवावी, हे आमच्या क्षेत्रात फार वेळा घडत नाही.

पण कोसळले नाही ते काय, हेही तितक्याच काटेकोरपणे सांगितले पाहिजे, कारण इंग्लंडच्या केंब्रिजचे काही अनुयायी इथे घसरतात. यंत्र उपयोगी नाही, नफा चोरीच आहे, किंवा किमतींना काही अर्थ नाही, यांपैकी काहीही या वादातून सिद्ध होत नाही. प्रत्येक यंत्र, प्रत्येक जमिनीचा तुकडा, प्रत्येक दिवसाचे श्रम वेगळे धरून त्यांचे भाडे आणि मजुरी एकत्र काढणारा सर्वसाधारण समतोलाचा सिद्धांत एकूण भांडवलाची राशी वापरतच नाही, त्यामुळे तो या आघातातून वाचतो. ख्रिस्तोफर ब्लिस यांनी १९७५ मध्ये ही बाजू नीट मांडली. स्राफांच्या परंपरेतले इटालियन अर्थशास्त्रज्ञ गारेन्यानी यांनी त्यावर आक्षेप घेतला की सुरुवातीला कोणती यंत्रे किती आहेत हे मनमानी दिलेले असेल, तर सर्व उद्योगांत नफ्याचा दर समान होण्याकडे कल असतो ही जुनी आणि खरी गोष्ट त्या चौकटीत बसत नाही. माझे मत गारेन्यानी यांच्या बाजूने झुकते. परंतु हा मतभेद आहे, हिशेबाची चूक नव्हे. शिवाय पुनरागमन तर्कात अचूक असले तरी प्रत्यक्ष आकड्यांत फार विरळ सापडते. हान आणि शेफोल्ड यांनी २००६ मध्ये अनेक देशांचे आदान-प्रदान तक्ते (कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो याचे तक्ते) तपासले तेव्हा हेच दिसून आले.

वादाच्या इतिहासात आपल्या किनाऱ्याचे एक नाव आहे आणि ते आपल्याकडच्या वर्गांत क्वचित घेतले जाते याचे मला वाईट वाटते. कृष्णा भारद्वाज यांचा जन्म १९३५ मध्ये कारवारला झाला. माहेरच्या त्या चंदावरकर. मुंबईत शिकलेल्या या तरुण अर्थशास्त्रज्ञ बाईंनी स्राफांच्या पुस्तकाचे परीक्षण १९६३ मध्ये सचिन चौधुरी यांच्या ‘इकॉनॉमिक वीकली’त लिहिले, तेव्हा जगातल्या भल्याभल्यांना ते पुस्तक नेमके काय म्हणते याचा अंदाज आलेला नव्हता. वाटणी बाहेरून ठरते आणि मूल्य तिच्यातून येते, हा धागा त्यांनी परीक्षणाच्या शीर्षकातच पकडला. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, स्राफांशी त्यांचे दीर्घ काळ काम राहिले, आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे केंद्र उभारले. १९९२ मध्ये त्या गेल्या.

त्यांचे १९७४ चे भारतीय शेतीवरचे काम मला या वादाचा सर्वांत फलदायी पुढचा भाग वाटते, आणि तुमच्या घरच्या व्यवसायाला तेच सर्वांत जवळचे आहे. त्यांनी दाखवले की आपल्या शेतीत कर्जाचा, मालाचा, जमिनीचा आणि श्रमाचा बाजार वेगवेगळा नसतो. एकच सावकार-व्यापारी कर्ज देतो, पीक घेतो आणि कधी जमीनही खंडाने देतो, त्यामुळे यांपैकी एका व्यवहारातला दर एकटा पाहून काहीच कळत नाही. वाशीचा दलाल पावसाळ्यानंतर बागायतदाराला आगाऊ उचल देतो. फवारणीची औषधे, राखणदाराचा पगार, रिकाम्या पेट्या यांचा खर्च त्यातून भागतो. त्या उचलीवर व्याज किती, असे विचारले तर अनेक बागायतदार सांगतील की व्याज नाही. मात्र पेटी त्याच दलालाच्या गाळ्यावर गेली पाहिजे, भाव पट्टी (दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब) आल्यावर कळणार, आणि हमालीसारखा खर्च कापून उरलेल्यातून उचल वळती होणार. या व्यवहारात भांडवलाचा मोबदला कुठे आहे? तो व्याजाच्या रकान्यात नाही, भावाच्या रकान्यात विरघळलेला आहे. बँकेत असताना मी अशा पट्ट्या चाळल्या आहेत. एका हंगामाच्या पट्टीत दोन घरांना एकाच आठवड्यात, एकाच प्रतीच्या फळाला वेगवेगळा भाव मिळालेला पाहिला आहे, आणि फरक फक्त उचल घेतली की नाही एवढाच होता. सीमांत उत्पादकतेचे सूत्र घेऊन या पट्टीसमोर बसलात तर हाती काही लागणार नाही. कोणाला पैशाची निकड आहे, कोणाला थांबता येते, दुसरा गिऱ्हाईक उपलब्ध आहे का, हे विचारलेत तर लागेल.

समुद्रावरचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. मालवणकडच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केलेल्या सामूहिक मासेमारीत, जाळे, होडी आणि ओढणारी माणसे यांचे वाटे ठरलेले असतात. जाळ्याचा वाटा किती आणि अंगमेहनतीचा किती, हे प्रमाण गावाच्या रूढीने चालत आलेले असते आणि गावागावांत ते सारखे नसते, जाळे मात्र जवळपास सारखेच असते. यांत्रिक बोटीवर डिझेल आणि बर्फाचा खर्च वजा करून मालक, तांडेल (बोटीवरचा प्रमुख) आणि खलाशी यांच्यात वाटे होण्याची पद्धत होती. आज रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बहुतेक खलाशी नेपाळमधून आलेले दिसतात आणि ते वाट्यावर कमी, ठरलेल्या पगारावर अधिक असतात. बोटीचे इंजिन बदलल्यामुळे हा बदल झालेला नाही. खलाशी कोण आहे आणि त्याला काय मागता येते हे बदलल्यामुळे झाला आहे. मार्क्सने १८६७ मध्ये भांडवल ही वस्तू नसून माणसांमधला संबंध आहे असे म्हटले ते अमूर्त वाटत असेल, तर ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर एकदा धक्क्यावर जाऊन हिशेब कसा होतो ते पाहा.

भारतातल्या आणखी एका चर्चेचा उल्लेख करून पुढे जातो. १९५६ मध्ये दुसरी पंचवार्षिक योजना संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या आराखड्यावर अवजड यंत्रांकडे झुकली, त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी उलट मांडले की गरीब देशाचे खरे भांडवल म्हणजे कामगाराला काम चालू असताना पुरणारे धान्य आणि कपडे. जुन्या अर्थशास्त्रज्ञांची भांडवलाची कल्पना हीच होती. पावसाळाभर पुरेल इतके भात कणगीत असले तरच बांध घालायला, कलमे लावायला माणसे उभी राहतात, हे कोकणाला वेगळे सांगायला नको. याच्याही आधी, १९१८ मध्ये, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात लिहिले होते की शेताचा आकार लहान की मोठा हे एकरांवरून ठरत नाही, त्यावर लावता येणाऱ्या इतर साधनांच्या प्रमाणावरून ठरते, आणि आपल्या शेतीचा दोष तुकड्यांपेक्षा भांडवलाच्या तुटीत आहे. त्यांनी भांडवल रुपयांत मोजले नाही. बैल, नांगर आणि अवजारे मोजली.

तुमचा दुसरा प्रश्न, मग हे अजून का शिकवतात. मला यामागे कट दिसत नाही. एक कारण असे की एका समीकरणात संपूर्ण देश बसवणे फार सोयीचे असते आणि ते समीकरण आकड्यांना चांगले बसते. पण ते का बसते हेही तपासले गेले आहे. अर्थशास्त्रज्ञ अन्वर शेख यांनी १९७४ मध्ये आलेखावर ‘हंबग’ (भोंदूगिरी) हा इंग्रजी शब्द उमटेल असे आकडे घेतले आणि वाटणीतला हिस्सा जवळपास स्थिर असेल तर तेही उत्पादन फलनात सुरेख बसतात हे दाखवले. म्हणजे जे बसते ते बरेचसे जमाखर्चाचे समीकरण आहे, उत्पादनाचा नियम नव्हे. दुसरे कारण श्रद्धेचे. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात स्पष्टच लिहिले की या सिद्धांतावर विसंबणे हा श्रद्धेचा विषय आहे आणि आपली ती श्रद्धा आहे. तिसरे कारण इंग्लंडच्या केंब्रिजच्या पदरात पडते: त्यांनी पाया उखडला, परंतु नोकरशहाला, नियोजनकाराला, बँकेला उद्या सकाळी वापरता येईल असे दुसरे साधन त्यांनी हाती दिले नाही. जिंकलेला पक्ष इमारत बांधत नाही तेव्हा लोक भेगा पडलेल्या घरातच राहतात. आजही हीच गल्लत चालू असल्याचे तुम्हाला दिसेल. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी यांच्या २०१३ च्या गाजलेल्या ग्रंथात जमीन, घरे, रोखे आणि यंत्रे यांची बाजारकिंमत एकत्र करून तिला भांडवल म्हटले आहे. संपत्तीच्या विषमतेचा पुरावा म्हणून तो ग्रंथ मोलाचा आहे. परंतु महामार्ग रुंद झाल्यावर कडेच्या कातळाची किंमत दसपट झाली, तर उत्पादनाचे एकही साधन वाढलेले नसताना ‘भांडवल’ वाढले असे त्या मापाने म्हणावे लागते.

परीक्षेत काय लिहावे, हे तुम्ही विचारले नसले तरी सांगतो. सीमांत उत्पादकता मांडा, तिची गृहीतके लिहा, मग वरचे ७, २ आणि ६ हे आकडे घेऊन तक्ता काढा. ‘वाद झाला’ एवढे लिहिणाऱ्याला आणि तक्ता काढणाऱ्याला कोणताही प्रामाणिक परीक्षक सारखे गुण देणार नाही.

आता बाग. वडिलांना आणि काकांना दोन्ही मूल्यांकनांचे कागद समोर ठेवून एकच प्रश्न विचारायला सांगा: दर किती धरला? तो आकडा मिळाला की भांडणाचा निम्मा भाग गणित होऊन जाईल. उरलेला निम्मा भाग गणित नाही. ज्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा कर्जफेडीसाठी लवकर पैसा हवा त्याच्या दृष्टीने जास्त दर खरा आहे, आणि ज्याचा मुलगा बाग पुढे चालवणार आहे त्याच्या दृष्टीने कमी दर खरा आहे. दोघेही आपापल्या परिस्थितीचे खरेच सांगत आहेत. म्हणून एकाने सगळी जुनी आणि दुसऱ्याने सगळी नवी कलमे घेऊन वरचा फरक रुपयांत भागवण्याचा बेत सोडून द्या, कारण त्या रुपयांचा आकडा ठरवणारा दर कोणाचा, हा तंटा संपणार नाही. आपल्याकडची जुनी रीत कलमे मोजून वाटण्याची आहे: प्रत्येक ओळीतली जुनी अर्धी याला, अर्धी त्याला, नवीही तशीच, आणि विहीर, पंप, पायवाट सामाईक. तसे केले तर दर कोणताही असो, दोघांचे वाटे समान राहतात. एखादा कोपरा असा वाटता येत नसेल आणि तिथे पैसे द्यावेच लागत असतील, तर धरलेला दर आणि वर्षे वाटणीपत्रात आकड्यांत आणि अक्षरांत लिहून घ्या, आणि नोंदणीच्या आधी दोघांनी तो उतारा स्वतः वाचून पाहावा.